आत्याच्या गोळ्या, बाबांचा मेल

आमच्या घरात माणसं चार, फोन चार आणि कुलूप एक. म्हणजे चारही फोन एकाच नंबरने उघडतात, बाबांच्या पहिल्या स्कूटरच्या नंबरने. नियम अर्थात बाबांचा. "घरातल्या घरात लपवायचं काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बुटांच्या कपाटावर चार प्लगची पट्टी आहे, संध्याकाळी घरी आलं की तिथे ओळीने फोन लावायचे, आणि मग कोणाचाही वाजला तरी जो जवळ असेल त्याने उचलायचा आणि मेसेज मोठ्याने वाचायचा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा मेसेज आईने एकदा बातम्या देतात तशा आवाजात अख्ख्या घराला वाचून दाखवला होता. मेसेज होता "जेवलीस का?" एवढाच. तेव्हापासून तो मुलगा कुठेही भेटला की आई त्यालाच विचारते, "काय रे, तू जेवलास का?" आणि तो बिचारा रस्ता बदलतो.

आत्याचा फोन ओळीत डावीकडून तिसरा. आणि तो कायम पालथा.

मला ते कधी वेगळं वाटलंच नाही, कारण आत्या सगळंच पालथं ठेवते. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर आहे, सहा वर्षं झाली. गोळ्यांच्या स्ट्रिपवर नाव चांदीच्या बाजूला छापलेलं असतं, ती बाजू ती खाली ठेवते, फुगे वर. मागे उभा असलेला कितीही मान लांब करू दे, त्याला फुगेच दिसणार. मग कागदी पाकीट, पाकिटावर सकाळ-दुपार-रात्रीच्या खुणा, आणि आवाज इतका खाली की फक्त समोरच्यालाच ऐकू जावा. गिऱ्हाइकं तिला पालथी ताई म्हणतात. आमच्या सगळ्या रस्त्यावर कोणाला काय झालंय, कोणाला मूल हवंय, कोणाला नकोय, कोणाची झोप गेलीय, सगळं तिला माहिती. आणि सहा वर्षांत तिने ब्र काढलेला नाही. आईने किती वेळा खोदून बघितलं, "वन्सं, तिसऱ्या मजल्यावरची हल्ली फार पांढरी दिसते हो, काही घेते का?" आत्या म्हणते, "वहिनी, पांढरी दिसायला पावडर लागते, ती आमच्याकडे नसते."

आता बरेच लोक कागद आणत नाहीत, फोन आणतात. डॉक्टर फोनवर प्रिस्क्रिप्शन पाठवतात, त्याचा एक कोड असतो, तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकला की माणसाची सगळी यादी उघडते. नाव, वय, डॉक्टर, कसला आजार, आधी काय घेतलं, सगळं. आत्या पहिलं काम काय करते तर स्क्रीन भिंतीकडे वळवते. आणि लोकांना रागावते. लोक आख्खा फोनच उघडून हातात देतात ना! "अहो, असा उघडा फोन देऊ नका कोणाला, नुसता कोड दाखवा." "फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलात? सगळ्यांना खोकला झालाय का?" एका माणसाला तर ती म्हणाली होती, "तुम्ही घराची किल्ली अशी काउंटरवर ठेवता का? मग?"

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की तिच्याइतकी सावध बाई मी बघितली नाही, आणि तिचं जे झालं ते माझ्यामुळे झालं.

दोन महिन्यांपूर्वी मी कॉलेजला निघाले होते, पायात एकच बूट, तर जिन्यात मधल्या पायरीवर आत्या बसलेली. डबा मांडीवर.

"घाईबाई, दोन मिनिटं आहेत का?"

घाईबाई म्हणजे मी. ती मला दुसऱ्या कुठल्याच नावाने हाक मारत नाही.

"चार आहेत. काय झालं?"

"आवाज खाली. बस."

मी बसले. तिने डबा उघडला. सगळ्यात खालचा पुडा, त्यात खोकल्याच्या औषधाचा रिकामा खोका, आणि खोक्यात चार घड्या घातलेला कागद. कागद इतका मऊ झालेला की कापडच वाटावं.

"हे माझं प्रिस्क्रिप्शन. पुढच्या महिन्यापासून डॉक्टर कागद देणार नाहीत. सगळं फोनवर. मला ते ॲप घालून हवंय. पण कोणाला दिसायला नको."

मी कागद वाचला. गोळीचं नाव मला कळलं नाही पण वर डॉक्टरांचं कसलं डॉक्टर ते लिहिलं होतं, ते कळलं.

"आत्या, तू आजारी आहेस?"

"नाही. ही गोळी घेते म्हणून नाहीये."

"पण बाबा तर म्हणतात तुझ्या गोळ्या कधीच बंद झाल्या."

"तसं मीच सांगितलंय त्याला. बंद झाल्या असत्या तर मी इथे बसून बोलले असते का तुझ्याशी? भिंतीकडे तोंड करून पडलेली असते."

मी पटकन म्हणाले, मला असंच पटकन बोलायची सवय आहे, "मग सांगून टाक ना त्यांना! काय होणार आहे?"

तिने कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या. मग म्हणाली, "दाराचं काय झालं आठवतंय?"

आठवतंय. मी सहावीत होते. आत्या तेव्हा दहा-बारा दिवस झोपलीच नव्हती, खूप जोरात बोलायची, खूप हसायची, एक दिवस तिने आपले सगळे कपडे इमारतीत वाटून टाकले, आणि मग चार महिने उठलीच नाही. दवाखाना झाला, ती बरी होऊन घरी आली. आणि बाबांनी तिच्या खोलीचं दार काढलं. आधी नुसती कडी काढली होती, मग त्यांना वाटलं कडी नसली तरी आतून खुर्ची लावता येते, मग स्क्रू काढून आख्खं दारच. ते अजून माळ्यावर आहे. तिची खोली मधली, म्हणजे स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायचं तर तिच्याच खोलीतून जावं लागतं. चौकटीला बिजागऱ्या तशाच आहेत, वरून रंग मारलेल्या. मधे नुसता पडदा.

पहिल्या वर्षी बाबा त्या चौकटीत आडवे झोपायचे, खाली जमिनीवर, ऑफिस करून आल्यावर. हेही मला आठवतंय. त्यांची पाठ तेव्हापासून दुखते. म्हणजे बाबा वाईट नाहीत, हेच तर कठीण आहे ना. तीन वर्षं आत्याला गॅसपाशी जाऊ दिलं नाही, एकटीला जिना उतरू दिला नाही. ती हसली की आई-बाबा एकमेकांकडे बघायचे. ती गप्प बसली तरी बघायचे. ती म्हणते, "मला तीन वर्षं जांभई द्यायची भीती वाटत होती." मग एक दिवस तिने जाहीर केलं, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, मी पूर्ण बरी. बाबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. तिचा फार्मसीचा डिप्लोमा होताच, महिनाभरात दुकान मिळालं, वर्षभरात दुकानाची किल्ली मिळाली. सकाळी दुकान तीच उघडते. गोळ्या दोन बस बदलून दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणते, सुटीच्या दिवशी, मैत्रिणीकडे जाते सांगून.

"मैत्रीण कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. ती पण गोळीच."

आणि आम्ही दोघी हसलो, तोंडावर हात ठेवून, जिन्यात.

तर मी तिथेच बसून ॲप घातलं. मला हे सगळं येतं, भराभर. ॲपला वेगळं कुलूप, स्कूटरचा नंबर नाही, तिने स्वतः ठरवलेला. मेसेज आला तर बंद स्क्रीनवर नुसतं 'नवीन सूचना' दिसेल, आत काय ते दिसणार नाही. कोडचा फोटो काढायचा नाही, कारण आमचे सगळ्यांचे फोटो आपोआप टीव्हीवर जातात, बाबांनीच जोडून ठेवलंय, जेवताना सगळ्यांनी बघायला. ती एकेक गोष्ट विचारत होती, काउंटरवर विचारतात तशी. हे कोणाला दिसेल? ते कुठे साठतं? फोन हरवला तर? मी फाडफाड उत्तरं देत होते. खालून मैत्रीण हॉर्न वाजवत होती. आणि शेवटी ॲपने मेल आयडी मागितला.

आत्याला मेल आयडीच नव्हता. नवीन काढायचा तर पाच मिनिटं. मी घरचा मेल टाकला. तो मी सातवीत असताना काढला होता, विजेचं बिल, माझे प्रवेशाचे फॉर्म, सगळं त्यावर येतं. तो फक्त बाबांच्या फोनवर उघडतो, कारण बाबांनी पासवर्ड बदललाय.

आत्याने विचारलं. शप्पथ, तिने विचारलं होतं. "हा मेल कशाला? यावर काय जाणार?"

"अगं काही नाही, नुसती फॉर्मॅलिटी असते," मी म्हणाले आणि दुसरा बूट घालत खाली पळाले.

चोवीस दिवस काही झालं नाही. आत्याने स्वतःसाठी नवी पर्स घेतली. कागद नाही म्हणून डब्यात खोका ठेवायची गरज नाही, तर डब्यात एक पुडा कमी झाला आणि ती मला म्हणाली, "सहा वर्षांत पहिल्यांदा माझा डबा नुसता डबा आहे."

पंचविसाव्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा जेवताना मेल बघतात. चष्मा वर केला, खाली केला. मग फोन आईच्या पुढे धरला. आईने वाचलं, आणि पहिल्यांदा तिने मोठ्याने वाचलं नाही.

मेलमध्ये आत्याचं नाव होतं, गोळीचं नाव होतं, आणि 'आपल्या गोळ्या सहा दिवसांत संपत आहेत, प्रिस्क्रिप्शन नवीन करून घ्या' असं प्रेमाने लिहिलं होतं.

"छोटी," बाबा म्हणाले. आत्या चव्वेचाळीस वर्षांची आहे. "ही गोळी तू अजून घेतेस?"

आत्याने घास खाली ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. अजून मला वाटतं की तेव्हा बघायला हवं होतं, बघून दोन शिव्या द्यायला हव्या होत्या.

"हो."

"कधीपासून?"

"बंद केलीच नव्हती."

"म्हणजे सहा वर्षं तू आम्हाला..."

"सहा वर्षं मी कामावर गेले, दादा. एक दिवस चुकला नाही."

"गोळ्यांवर ना पण."

"तू चष्मा लावून गाडी चालवतोस, तसंच."

"चष्म्याने माणूस कपडे वाटत सुटत नाही," बाबा म्हणाले, आणि बोलल्या बोलल्या त्यांचाच चेहरा पडला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले होते. त्यांचा हात आपोआप पाठीवर गेला, दुखते तिथे.

मी उठून उभी राहिले. "बाबा, चूक माझी आहे, मेल मी टाकला, तिने नाही, तिला माहितीच नव्हतं..."

"चूक कसली? तुझ्यामुळे कळलं तरी," बाबा म्हणाले. "शाबास."

ते शाबास माझ्या अंगावरून अजून जात नाही.

मग ते उठले. बुटांच्या कपाटापाशी गेले, डावीकडून तिसरा फोन उचलला, शेजारच्या खिळ्यावरून दुकानाची किल्ली काढली. दोन्ही आपल्या खिशात. "काही दिवस माझ्याकडे राहू दे. तू विश्रांती घे."

सकाळी आत्या नेहमीसारखी तयार होऊन, डबा घेऊन खुर्चीवर बसली. बाबा बाल्कनीत जाऊन दुकानाच्या मालकांशी फोनवर बोलले, तिच्याच खोलीतून जाऊन. "तिला बरं नाहीये," असं. नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य ते सगळ्यांना सांगायचे, त्याच आवाजात. आत्या खुर्चीवर बसूनच राहिली. दुपारी तिथेच डबा उघडला, खाल्ला, धुतला, आणि पुन्हा येऊन बसली. आई तिच्या खोलीतून चार वेळा बाल्कनीत गेली. कपडे सकाळीच वाळत घालून झाले होते.

"वहिनी, बाल्कनी तिथेच आहे का बघताय?" आत्या म्हणाली.

आई ओशाळली. पण पाचव्यांदा गेलीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या बाबांना म्हणाली, "तीनच गोळ्या उरल्यात. डॉक्टरांनी नवा कोड पाठवला असेल. फोन दे. दोन बस बदलून लांबच्या दुकानातून आणाव्या लागतात."

"मी आणतो ना. तू कशाला दोन बस बदलत बसतेस?"

"दादा, खंड पडला तर चार दिवसांत माझी झोप जाईल. आणि मग तूच म्हणशील, बघ, म्हटलं नव्हतं?"

"म्हणून तर मी आणतो म्हणतोय. ॲपचा नंबर सांग."

इकडे आड तिकडे विहीर. नंबर सांगितला तर सगळं उघडं, नाही सांगितला तर गोळ्या नाहीत. तिने एकेक आकडा सांगितला. मी कानांवर हात ठेवले. कशाला ठेवले माहीत नाही, पण ठेवले.

"एवढं ऐक," ती म्हणाली, "आमच्या दुकानात जाऊ नकोस. लांबच्या दुकानात जा. आणि कोडच दाखव, फोन देऊ नकोस."

"हो गं."

बाबा अर्ध्या तासात परत आले. दोन बसचा रस्ता अर्ध्या तासात होत नाही. हातात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, गोळ्यांच्या स्ट्रिपा चांदीची बाजू वर, नावं बाहेर. ती पिशवी हलवत ते कोपऱ्यावरून, फाटकातून, चार मजले चढून आले होते.

"आपल्या ओळखीचं दुकान असताना लांब कशाला जायचं?" बाबा खरंच खूश होते. "मालकांनी स्वतः काढून दिल्या. मला कुठे ते कोड-बिड कळतं, फोनच दिला त्यांच्या हातात. तुझी किती चौकशी केली! मी सगळं सांगितलं, मोकळेपणाने. माणूस समजूतदार आहे. किल्ली पण देऊन आलो, तुझ्या डोक्याला ताप नको."

आत्याने पिशवी घेतली. गोळ्या टेबलावर काढल्या आणि एकेक स्ट्रिप पालथी केली. पाच स्ट्रिपा, पाच वेळा. घरात, आमच्यासमोर, जिथे आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "कॉलेज बुडवतेस?" मी म्हणाले बुडवते. आम्ही दुकानात गेलो. मी मागे थांबले. आत्या गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिली, रांगेत, तिसरी. आतल्या खिळ्यावर तिचा पांढरा कोट होता. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अरे ताई! तुम्ही कशाला आलात? घ्या ना दोन महिने विश्रांती. कसं आहे, औषधांचं काम आहे. चुकून काही इकडचं तिकडे झालं तर..."

"सहा वर्षांत किती वेळा झालं?" आत्या म्हणाली. आवाज तोच, काउंटरवरचा, समोरच्यालाच ऐकू जाणारा. मी दोन पावलं पुढे गेले म्हणून मला कळलं.

मालक पंख्याकडे बघायला लागले. "नाही, तसं नाही झालं, पण..."

"मग हे 'पण' कुठून आलं? माझी यादी बघितलीत म्हणून आलं ना? ती यादी औषध द्यायला उघडायची असते, मालक. माणसाची किंमत करायला नाही. तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंत, स्क्रीन भिंतीकडे ठेवायची."

"अहो, तुमच्या भावानेच फोन हातात दिला..."

"भावाने दिला. मी नाही दिला."

रांगेत पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. ते मागे वळले आणि आनंदाने म्हणाले, "अरे, पालथी ताई बाहेर कशा? बरं झालं, हे घ्या," आणि आपला फोन उघडून तिच्या हातात द्यायला लागले.

"आजोबा, किती वेळा सांगायचं, फोन नाही, नुसता कोड. आणि मला नका दाखवू. मी आज आत नाहीये."

म्हाताऱ्यांनी मालकांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि फोन खिशात टाकला. "मग मी थांबतो," म्हणाले, आणि कडेच्या स्टुलावर बसले. त्यांच्या मागच्या बाईंनी पण पर्स बंद केली.

मालकांनी कोट काढून दिला. पण किल्ली दिली नाही. कडक औषधांचं एक कुलूपबंद कपाट असतं, ते इतकी वर्षं आत्याच उघडत होती. "तेवढं माझ्याकडे राहू दे, ताई," मालक म्हणाले. राहू दे, राहू दे, सगळेच म्हणतात राहू दे! आता त्या कपाटातलं काही लागलं की तिला म्हणावं लागतं, "मालक, जरा येता का?" आणि मालक येतात, उघडतात, ती घेईपर्यंत शेजारी उभे राहतात. सकाळी दुकान मालक उघडतात. ती बाहेर पायरीवर थांबते.

फोन बाबांनी परत दिला. स्वतःहून. "घे बाई तुझा फोन, आता काय लपवायचंय? मेल तर मला येतच राहील." किती सहज म्हणाले. फोन तिच्या हातात आला आणि तिचा राहिलाच नव्हता. गोळ्यांचा डबा फ्रीजवर आहे. जेवण झालं की बाबा एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवतात आणि ती पाणी पिईपर्यंत टीव्हीकडे बघितल्यासारखं करतात.

"दादा," ती एकदा म्हणाली, "मी रोज दोनशे माणसांना गोळ्या देते. कोणी गिळली का बघायला जात नाही त्यांच्या घरी."

"ती माझी बहीण नसतात," बाबा म्हणाले.

तिने रिकामा पेला उचलला आणि धुवायला नेला.

मी तिला नवा मेल काढून देते म्हणाले. ती म्हणाली, "तू नको. मला शिकव, मी काढते." मग मधल्या खोलीत, पडद्याआड, ती एका बोटाने अक्षरं शोधत बसली. पासवर्डची वेळ आली तेव्हा म्हणाली, "तोंड फिरव." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रंग मारलेल्या बिजागऱ्या माझ्या नाकासमोर होत्या. अकरा मिनिटं लागली तिला. मी एकदाही म्हणाले नाही, दे इकडे, मी करते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब अकरा मिनिटं होती ती, खरंच.

मग ॲपमध्ये जुना मेल काढून नवा टाकायचा. दाबलं. ॲपने लिहिलं, 'तुमच्या जुन्या मेलवर सहा आकडे पाठवले आहेत. दहा मिनिटांत इथे भरा.'

जुना मेल म्हणजे बाबांचा फोन.

"आत्या," मी कुजबुजले, "बाबा आंघोळीला गेलेत. फोन बुटांच्या कपाटावर आहे. स्कूटरचा नंबर. मी एका मिनिटात..."

"नाही."

"अगं त्यांनी नाही का तुझा उघडला!"

"म्हणूनच नाही. मी दुसऱ्याचं उघडत नाही. उघडलं असतं तर सगळी गल्ली उघडी पडली असती सहा वर्षांत." आणि ती बाहेर जाऊन जेवणाच्या टेबलाशी बसली.

बाबा केस पुसत आले.

"दादा, तुला सहा आकडे आलेत. वाचून दाखव."

बाबांनी फोन उघडला, बघितला. 'आपला मेल बदलण्यात येत आहे' असं वर लिहिलेलं असणार. ते बराच वेळ वाचत राहिले. "कशाला बदलतेस? राहू दे ना माझ्याकडे." आणि फोन पालथा ठेवला. तोही पालथा! दहा मिनिटं गेली.

ही गेल्या सोमवारची गोष्ट. मंगळवारी तिने पुन्हा दाबलं, पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, बघू. बुधवारी म्हणाले, आज डोकं दुखतंय. गुरुवारी आई म्हणाली, "अहो, सांगून टाका ना, सहाच तर आकडे आहेत," आणि सगळ्यांनी आईकडे बघितलं, आईनेसुद्धा स्वतःकडे बघितल्यासारखं केलं.

काल बाबांनी चष्मा लावला. फोन लांब धरला. आत्याने आपला फोन पुढे ओढला, बोट तयार ठेवलं.

"चार," बाबा म्हणाले.

तिने चार दाबला.

"नऊ."

नऊ.

"एक."

एक. आणि बाबा थांबले. त्यांचे ओठ हलत होते, पुढचा आकडा तोंडात होता, मला दिसत होता.

"छोटी, मला कळणार कसं मग? तू घेतेस की नाही? पुन्हा तसं झालं तर? मला कळणार कसं?"

"विचारायचंस," आत्या म्हणाली. "जेवताना विचारायचंस, आज बरी आहेस का. मी सांगेन."

"आणि खोटं सांगितलंस तर?"

फोनवर उलटी मोजणी चालू होती, दोन मिनिटं, एक, चाळीस सेकंद. बाबा त्या मेलकडे बघत होते आणि आत्या बाबांकडे. मग तिच्या फोनवरचे तीन आकडे आपोआप पुसले गेले.

आत्याने 'पुन्हा पाठवा' दाबलं.

बाबांच्या हातातला फोन वाजला.